सुताचं कंडिशनिंग : वाफेने ओलावा द्यायचा तो किती, कसा, आणि बिघडतं कुठे

कापसाच्या सुताचा मान्य ओलावा ८.५ टक्के धरला जातो. म्हणजे पूर्ण कोरड्या १०० किलो सुताबरोबर ८.५ किलो पाणी. व्यवहार, वजन आणि काउंट (सुताच्या बारीकपणाचा आकडा; तो जितका मोठा तितकं सूत बारीक) हे सगळं या आकड्यावर ठरतं. पण रिंगफ्रेम (सूत कातणारं यंत्र) आणि ऑटोकोनर (ते कोनवर गुंडाळणारं वाइंडिंग यंत्र) चालवायला इतकी आर्द्रता सोसत नाही. रिंगफ्रेमवर ५५ ते ६० टक्के सापेक्ष आर्द्रता ठेवावी लागते, नाहीतर रोलरला लॅपिंग होतं, म्हणजे तंतू रोलरभोवती गुंडाळले जातात. स्पिंडलच्या घर्षणाने आणि मोटारींच्या उष्णतेने सूत आणखी वाळतं. कोनवर, म्हणजे शंकूच्या आकाराच्या गुंडाळीवर, येईपर्यंत त्यात पाच-साडेसहा टक्केच पाणी उरलेलं असतं. कमी पडलेलं हे पाणी सुताला परत देणं आणि त्याच वेळी पीळ शांत करणं, यालाच कंडिशनिंग म्हणतात. हे काम करणाऱ्या यंत्राला गिरणीत सगळे वायसीपी (यार्न कंडिशनिंग प्लांट) म्हणतात.

वायसीपी बसवलं की काम झालं, असा समज आहे. तो चुकीचा आहे. एकाच यंत्रातून निघालेल्या दोन ट्रॉल्यांत पाऊण टक्क्याचा फरक सहज पडतो, आणि तो का पडला हे ऑपरेटरला सांगता येत नाही. वाफ सुताला पाणी कशी देते हे नीट कळलं की बाकीचं आपोआप सुटतं. म्हणून सुरुवात तिथून.

वाफेचं पाणी सुतात का उतरतं

निर्वात टाकीत ६० अंश सेल्सिअसची संतृप्त वाफ (त्या दाबाला पाणी ज्या तापमानाला उकळतं त्याच तापमानाची) सोडली की ती थंड सुतावर निवते. निवताना आपली उष्णता सुताला देते आणि पाणी होऊन तंतूत शिरते. सूत वाफेच्या तापमानाला पोचलं की निवणं थांबतं. म्हणजे सूत जितकं तापेल तितकंच पाणी घेईल. हा हिशेब कागदावर करता येतो. किंचित ओलं १ किलो सूती सूत १ अंशाने तापवायला सुमारे १.४ किलोज्यूल लागतात. ३० अंशांचं सूत ६० वर न्यायला ४२ किलोज्यूल. ६० अंशांच्या १ किलो वाफेत निवण्याची उष्णता सुमारे २,३५८ किलोज्यूल असते. भागाकार केला की किलोमागे १८ ग्रॅम, म्हणजे १.८ टक्के पाणी.

आता तेच सूत वाइंडिंगवरून गरम असतानाच, ४० अंशांवर, टाकीत ढकललं तर वाढ फक्त २० अंशांची. पाणी किलोमागे १२ ग्रॅमच उतरेल. पाऊण टक्क्याचा तो गूढ फरक बहुतेक वेळा इथे दडलेला असतो. दुपारी घाईत भरलेली ट्रॉली आणि पहाटे थंड झालेली ट्रॉली एकाच सेटिंगवर चालवली की वजन वेगळं येणारच. प्रत्यक्षात आकडे या हिशेबापेक्षा थोडे इकडेतिकडे होतात, कारण तंतू पाणी शोषताना स्वतःही उष्णता सोडतात, आणि निर्वात करताना थोडं पाणी उडून जातं. पण दिशा कायम हीच राहते.

यावरून पहिला नियम : टाकीत जाणारं सूत एकसारख्या तापमानाचं हवं. वाइंडिंगनंतर कोन किमान तीन-चार तास उभे राहू द्या आणि भरण्याआधी कोनच्या पोटात सुई-थर्मामीटर खुपसून तापमान पाहा. ३२ अंशांच्या खाली असेल तर उत्तम. ३८ च्या वर असेल तर थांबा.

हवा हा खरा शत्रू

०.४० ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर घनतेच्या कोनात तंतूंनी व्यापलेली जागा फक्त चौथाई असते. उरलेली जवळजवळ पाऊण जागा हवेची. ती हवा काढली नाही तर वाफ कोनच्या बाहेरच्या एक-दोन सेंटिमीटरांत निवते आणि आत पोचत नाही. बाहेरून ओला, आतून कोरडा असा कोन तयार होतो. विणकर तो कोन चालवायला घेतो तेव्हा अर्ध्यापर्यंत सूत छान जातं आणि मग तार तुटायला लागते. लूमवाला सांगतो की ‘कोन आतून वेगळा आहे’, आणि त्याचं म्हणणं अगदी बरोबर असतं.

म्हणून वाफ सोडण्याआधी टाकी ५० ते ८० मिलिबार निरपेक्ष दाबापर्यंत ओढली पाहिजे. ‘निरपेक्ष’, म्हणजे पूर्ण निर्वाताला शून्य धरून मोजलेला, हा शब्द महत्त्वाचा आहे. पुष्कळ टाक्यांवर बाहेरच्या हवेशी तुलना करणारं गेज असतं आणि त्यावर उणे ०.९ बार दिसलं की ऑपरेटर खूश होतो. भिवंडीत, समुद्रसपाटीजवळ, त्या आकड्याचा अर्थ आत सुमारे ११० मिलिबार उरले असा होतो. इचलकरंजी सुमारे ५४० मीटर उंचीवर आहे आणि तिथे बाहेरचाच दाब ९५० मिलिबारच्या आसपास असतो. त्यामुळे तेच उणे ०.९ तिथे ५० मिलिबार दाखवतं. एका गावची सेटिंग दुसऱ्या गावात उचलून बसवली की घोळ होतो तो असा. निरपेक्ष दाब दाखवणारा सेन्सर बसवून घ्या. त्याच्या खर्चाचा विचार करू नका.

पंप बहुधा वॉटर रिंग जातीचा असतो, म्हणजे त्यात सीलसाठी पाणी फिरतं. या पाण्याचं तापमान ठरवतं की निर्वात कुठवर जाईल. २५ अंशांच्या पाण्याचा वाष्पदाब ३२ मिलिबार, ३० अंशांना ४२, आणि ४० अंशांना ७४. पंप त्याच्या खाली जाऊच शकत नाही, प्रत्यक्षात त्याच्याही बराच वर थांबतो. विदर्भातल्या आणि खानदेशातल्या गिरण्यांत एप्रिल-मे महिन्यांत ‘पंप कमजोर झाला’ अशी तक्रार येते. पुष्कळदा पंप ठणठणीत असतो आणि सीलचं पाणीच गरम झालेलं असतं. पंप उघडण्याआधी पाण्याला हात लावून पाहा. कूलिंग टॉवरचं पाणी द्या, किंवा हीट एक्स्चेंजर लावा. सील-टाकीचं पाणी त्यातच फिरवत राहिलात तर दिवसभरात ते तापत जातं आणि शेवटच्या पाळीच्या ट्रॉल्या सर्वांत वाईट निघतात.

आत हवा उरली का, हे वाफ सोडल्यावरही ओळखता येतं. संतृप्त वाफेचं तापमान आणि दाब एकमेकांना बांधलेले असतात : ५० अंशांना १२३ मिलिबार, ५५ ला १५७, ६० ला १९९, ६५ ला २५०, ७० ला ३१२, ८० ला ४७४, ९० ला ७०१. ही जोड्यांची यादी पॅनेलवर चिकटवा. पडद्यावर तापमान ६० आणि दाब ३०० दिसत असेल तर त्यातले सुमारे १०० मिलिबार हवेचे आहेत. एक तर निर्वात अपुरा झाला, नाहीतर गळती आहे.

गळती तपासायची ती टाकी रिकामी, कोरडी आणि थंड असताना. १०० मिलिबारपर्यंत ओढा, सगळे व्हॉल्व्ह बंद करा, दहा मिनिटं थांबा. दाब मिनिटाला १ मिलिबारपेक्षा जास्त वाढत असेल तर दाराचा रबर गास्केट, वाफेच्या व्हॉल्व्हची सीट आणि सेन्सरचे ग्लँड या क्रमाने पाहा. टाकीत पाणी असताना ही चाचणी केली तर पाण्याचीच वाफ दाब वाढवते आणि नसलेली गळती शोधत दिवस जातो. आठवड्यातून एकदा, सुट्टीनंतर पहिलं काम म्हणून ही चाचणी करावी.

वाफ कोणती

बॉयलरची वाफ थेट टाकीत सोडणं हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत वाईट मार्ग आहे. ५ बार निरपेक्ष दाबाची वाफ ०.२ बारच्या निर्वातात फुगली की ती संतृप्त राहत नाही. तिचं तापमान १३० अंशांच्या आसपास राहतं, म्हणजे ती अतितप्त, त्या दाबाच्या उकळबिंदूपेक्षा जास्त गरम, असते. अशी वाफ सूत ओलं करण्याआधी बाहेरचा थर भाजते. कोनच्या नाकावर आणि कडेला पिवळसर झाक येते. शिवाय बॉयलरमधला गंज आणि पाण्यात घातलेली रसायनं तिच्याबरोबर येतात.

योग्य पद्धत म्हणजे टाकीच्या तळाशी पाण्याचं कुंड असावं आणि ते पाणी वीजेच्या हीटरने किंवा बंद कॉइलमधून फिरणाऱ्या बॉयलरच्या वाफेने तापवावं. निर्वातामुळे पाणी ६० अंशांनाच उकळतं आणि स्वच्छ, संतृप्त वाफ वर येते. झोरेलासारखी यंत्रं याच तत्त्वावर चालतात. जुन्या टाकीत थेट वाफच येत असेल तर निदान ती कुंडातल्या पाण्यातून बुडबुड्यांनी येईल अशी भोकांची नळी टाका. अतितप्तपणा पाण्यातच उतरतो.

कुंडातलं पाणी मऊ किंवा आरओचं असावं. बोअरचं जड पाणी घातलं तर हीटरवर थर बसतो आणि पाणी उसळून कोनवर थेंब उडतात. कुंड दर आठवड्याला रिकामं करून तळाचा गाळ काढा. तळाशी लाल गाळ दिसला तर टाकीत कुठेतरी लोखंड उघडं पडलं आहे. स्टेनलेस स्टीलचीच टाकी हवी, आणि ट्रॉलीही स्टीलची किंवा नीट पावडर कोट केलेली. ट्रॉलीच्या बेअरिंगचं ग्रीस तापून खालच्या थरातल्या कोनला लागतं. हे डाग रंगाईच्या वेळी उघडे पडतात, आणि तोवर सूत कापड झालेलं असतं.

कोन भरणं

ट्रॉलीवर कोन एकमेकांना चिकटवून रचू नका. बोटभर अंतर हवं. दोन थरांमध्ये भोकं असलेले प्लास्टिक सेपरेटर घाला, पुठ्ठा नको. पुठ्ठा पाणी पितो, वाकतो आणि वाफ अडवतो. सर्वांत वरच्या थरावर उतरतं छत किंवा जाड सुती कापड असावं, कारण टाकीच्या छतावर निवलेलं पाणी थेंबाथेंबाने खाली येतं. टाकीच्या आतलं मूळ छत घुमटाकार असलं तरी हे आवरण वगळू नका.

कोनची कागदी नळी हा दुर्लक्षित भाग आहे. हलक्या दर्जाची नळी दोन फेऱ्यांत मऊ पडते आणि वार्पिंग क्रीलवर (ताणा तयार करताना कोन लावायच्या चौकटीवर) कोन डगमगतो. कंडिशनिंगसाठीच्या म्हणून मिळणाऱ्या नळ्या घ्या, आणि नव्या लॉटमधली एखादी नळी रिकामीच टाकीतून फिरवून दाबून पाहा. सुताच्या दोन जाती किंवा दोन काउंट एका फेरीत मिसळू नका. घनता वेगळी असली की वाफ वेगळी शिरते.

पॉलिथिनची पिशवी चढवून कंडिशनिंग करू नका. कोन उघडाच हवा.

एक फेरी, पायरीपायरीने

खालचे आकडे ३० ते ४० काउंटच्या कोम्ब्ड सूती विव्हिंग सुतासाठी सुरुवातीचे आहेत. आपल्या टाकीवर आणि आपल्या कोनवर ते थोडे हलवावे लागतील.

१. कुंडातलं पाणी आधी तापवून ठेवा. थंड पाण्याने सुरुवात केली तर पहिली फेरी लांबते आणि सूत बराच वेळ निर्वातात कोरडं होत राहतं.

२. ट्रॉली वजनकाट्यावर घ्या आणि वजन लिहा. हा आकडा नसेल तर पुढचं सगळं अंदाजावर जातं.

३. दार बंद करून ६० ते ८० मिलिबारपर्यंत निर्वात करा. साधारण पाच-सात मिनिटं लागावीत. बारा मिनिटं लागत असतील तर आधी गळती आणि सीलचं पाणी पाहा.

४. वाफ सोडून ६० अंशांवर आणा आणि सहा ते आठ मिनिटं तिथेच ठेवा.

५. मधला निर्वात : पुन्हा १०० मिलिबारच्या आसपास ओढा. इथे कोनमधलं थोडं पाणी उकळून बाहेर येतं, कारण या दाबाला पाणी ४६ अंशांना उकळतं. ते नुकसान वाटतं, पण ही बाहेर येणारी वाफ कोनच्या पोटात अडकलेली हवा आपल्याबरोबर ढकलून नेते.

६. पुन्हा वाफ, ६० अंश, यावेळी पंधरा ते वीस मिनिटं. कोनच्या आतपर्यंत ओलावा पोचतो तो या टप्प्यात. ही दुसरी फेरी एकूण पाणी फारसं वाढवत नाही, ते सगळीकडे सारखं करते. वेळ वाचवायला लोक नेमकी हीच फेरी कापतात आणि मग आतल्या कोरड्या सुताचं कारण शोधत बसतात.

७. हळूहळू हवा आत सोडा. झटक्यात सोडली तर वरच्या थरावर पाणी उडतं. दाब बाहेरच्या हवेइतका झाल्याशिवाय दाराला हात लावू नका. इंटरलॉक (दाब असताना दार उघडू न देणारी कळ) ‘त्रास देतो’ म्हणून बायपास केलेली टाकी चालवूच नये. आत शिरून साफसफाई करताना दाराबाहेर दुसरा माणूस उभा हवाच.

८. ट्रॉली बाहेर काढा, खालचं पाणी पुसा, वजन करा. फरक दीड ते दोन टक्के यावा.

सगळं धरून पाऊण तास लागतो.

कुठल्या सुताला किती तापमान

वॅक्स लावलेल्या होजिअरी सुताला ५२ ते ५६ अंशांच्या वर नेऊ नका. वॅक्स कितीला वितळतं हे त्याच्या पुरवठादाराला विचारा आणि त्याच्या किमान पाच अंश खाली राहा. वॅक्स वितळून तंतूत मुरलं तर निटिंग मशीनवर सुया तुटतात आणि दोष कंडिशनिंगचा आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही. घर्षणांक कंडिशनिंगच्या आधी आणि नंतर मोजा. चांगल्या वॅक्सच्या सुताला तो ०.१२ ते ०.१५ असतो. नंतरचा आकडा वर गेला की तापमान जास्त आहे हे नक्की.

व्हिस्कोसला ५५ ते ६० पुरेसे. व्हिस्कोस ओलं झालं की कापसाच्या उलट कमजोर होतं, म्हणून त्याच्या बाबतीत ‘जास्त ओलावा म्हणजे जास्त बळ’ हे समीकरण लागू नाही. त्याचा मान्य ओलावा १३ टक्के धरतात, काही करारांत ११ लिहितात. करारात जो असेल तोच धरा.

जास्त पिळाचं सूत, म्हणजे व्हॉइल, क्रेप, टीएफओवरचं (टू-फॉर-वन ट्विस्टर या पीळ देणाऱ्या यंत्रावरचं) दुहेरी सूत, हा वेगळा विषय आहे. तिथे पाणी वाढवणं दुय्यम आणि पीळ शांत करणं मुख्य. सूत सैल सोडलं की स्वतःभोवती आटे घेतं, आणि ते आटे वार्पिंगमध्ये गाठीसारखे अडकून तार तोडतात. सूती व्हॉइलला ८५ ते ९० अंश आणि प्रत्येक टप्प्यात वीस-पंचवीस मिनिटं लागतात. पॉलिएस्टर-कॉटन मिश्रणाचा पीळही ८५ च्या खाली नीट बसत नाही, कारण पॉलिएस्टरला त्याच्या मृदू होण्याच्या तापमानापलीकडे न्यावं लागतं. पण पॉलिएस्टर जितकं आणि जसं तापतं तसा त्याचा रंग घेण्याचा गुण बदलतो. कोनच्या आत ८० आणि बाहेर ९० झालं तर कापडावर पट्टे दिसतात. अशा सुताला सावकाश तापवा, शेवटचा टप्पा लांब ठेवा, आणि कंडिशन केलेला लॉट न केलेल्यात कधीही मिसळू नका.

लायक्रा कोअर-स्पन सुताला (गाभ्यात लायक्रा असलेल्या सुताला) ७५ ते ८५. त्याच्या वर लायक्राची परत फिरण्याची ताकद कमी व्हायला लागते.

पीळ बसला का हे पाहायला यंत्र लागत नाही. १ मीटर सूत दोन हातांत ताठ धरा आणि हात सावकाश जवळ आणा. पहिला आटा पडतो तेव्हा दोन हातांत किती सेंटिमीटर अंतर आहे ते पट्टीवर पाहा. कंडिशनिंगआधी हे अंतर ६०-७० सेंटिमीटर असेल तर नंतर ते १५-२० च्या आत यायला हवं. कोनच्या बाहेरच्या, मधल्या आणि नळीजवळच्या थराची ही चाचणी स्वतंत्र करा. तिन्ही आकडे जवळजवळ यायला हवेत.

थंड करणं, हीच मोठी कसोटी

टाकीतून निघालेला कोन ५५-६० अंशांचा असतो. तो लगेच पिशवीत घालून खोक्यात भरला तर आतली वाफ पॉलिथिनवर निवते, पाणी कोनच्या नाकावर जमतं आणि पंधरा दिवसांत बुरशीचे ठिपके दिसतात. उलट, रात्रभर पंख्याखाली उघडा ठेवला तर दिलेलं पाणी निम्मं उडून जातं. मधला मार्ग असा : ६५ ते ७० टक्के आर्द्रतेच्या खोलीत, पंखा बंद ठेवून, तीन-चार तास. कोनच्या पोटातलं तापमान खोलीच्या दोन-तीन अंशांत आलं की पॅक करा. या वेळात काही दशांश टक्के पाणी कमी होतंच. ते धरून सेटिंग ठेवा. तिसरं वजन पॅकिंगच्या वेळी घ्या, बिलाचं खरं वजन तेच.

ओलावा मोजणं आणि वजनाचा हिशेब

सुईच्या मीटरवर विसंबून बिल करू नका. तो दोन कोनांची तुलना करायला चांगला आहे. शिवाय तो एकूण वजनाच्या टक्क्यांत दाखवतो की कोरड्या वजनाच्या, हे माहितीपत्रकात पाहा. दोन्हींत फरक असतो : कोरड्या वजनावर ८.५ टक्के म्हणजे एकूण वजनावर ७.८३ टक्के. इथे गफलत झाली की सूत ८.५ वर आहे असं समजून प्रत्यक्षात ९.३ पर्यंत नेलं जातं.

पक्की चाचणी ओव्हनची. एका कोनच्या बाहेरच्या, मधल्या आणि आतल्या थरातलं प्रत्येकी ५० ग्रॅम सूत लगेच हवाबंद डब्यात घ्या. ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन करा, १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवा, आणि लागोपाठच्या दोन वजनांत ०.१ टक्क्याहून कमी फरक येईपर्यंत वाळवा. थंड करायचं ते डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात), उघड्यावर नाही. तीन थरांत अर्ध्या टक्क्याहून जास्त अंतर असेल तर दुसरी वाफ लांबवा किंवा पहिला निर्वात खोल करा.

हिशेबाचं उदाहरण. १,००० किलो सुतात एकूण वजनाच्या ६ टक्के पाणी आहे. कोरडं सूत ९४० किलो. मान्य ओलाव्याला त्याचं वजन ९४० × १.०८५, म्हणजे १,०१९.९ किलो. म्हणजे टनामागे जवळजवळ २० किलो सूत गिरणी दर वेळी फुकट देत होती. मिश्रणासाठी कोरड्या वजनाच्या प्रमाणात सरासरी काढा : ६५/३५ पॉलिएस्टर-कॉटनला ०.६५ × ०.४ अधिक ०.३५ × ८.५, म्हणजे ३.२४ टक्के. त्याला सूती सुताची सेटिंग लावली तर कोन नुसते बाहेरून ओले होतात.

आणि इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. ८.५ च्या वर जाणं म्हणजे गिऱ्हाइकाला सुताच्या भावाने पाणी विकणं. तो व्यवहार खोटा आहे, आणि तांत्रिकदृष्ट्याही मूर्खपणाचा, कारण ते जादा पाणी टिकत नाही. ६५ टक्के आर्द्रतेत कापूस स्वतः सात-आठ टक्क्यांच्या आसपासच स्थिरावतो. जादा पाणी वाटेत उडतं, वजन तुटतं, आणि तक्रार येते ती गिरणीच्या नावाने.

काउंटचंही भान ठेवा. ३० काउंटच्या सुतात २ टक्के पाणी वाढलं की ते २९.४ मोजलं जातं. रिंगफ्रेमवर कोरड्या सुताचा काउंट अचूक ३० धरून चालवत असाल आणि गिऱ्हाईक कंडिशन केलेल्या सुताचा काउंट काढत असेल तर ‘सूत जाड दिलं’ हा आरोप येणारच. काउंट ओलावा दुरुस्त करूनच ठरवा. प्रयोगशाळेत नमुना आयएस ६३५९ प्रमाणे ६५ टक्के आर्द्रता आणि २७ अंशांवर स्थिरावू दिला की वाद मिटतो.

त्याच कारणाने एक गैरसमजही निघतो. कंडिशन केलेलं आणि न केलेलं सूत दोन्ही प्रयोगशाळेत २४ तास ठेवून बळ तपासलं आणि फरक दिसला नाही, तर कंडिशनिंग फोल असं म्हणू नये. २४ तासांत दोघांचा ओलावा जवळजवळ सारखा झालेला असतो. फायदा दिसतो तो वार्पिंगवर, लूमवर, निटिंगवर, जिथे सूत कोनमधून ओलसर असतानाच ओढलं जातं : तार कमी तुटते, सूत थोडं जास्त ताणलं जातं, तंतू कमी उडतात.

टाकी नसेल तर

लहान यंत्रमागधारकाला टाकी परवडत नाही. बाण्याच्या कांड्या किंवा छोट्या बॉबिनपुरती आर्द्र खोली चालते : ८५ टक्के आर्द्रता, २४ ते ३६ तास, भिंतीपासून आणि जमिनीपासून वीतभर दूर असलेले जाळीचे रॅक. आर्द्रता फिरत्या चकतीच्या किंवा अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायरने द्या, सुतावर पिचकारी मारून नाही. पिचकारीने वरच्या दोन थरांवर डाग आणि खाली कोरडं सूत एवढंच हाती येतं. पावणेदोन-दोन किलोच्या कोनला ही पद्धत लागू पडत नाही, ओलावा पोटापर्यंत जायला कित्येक दिवस लागतात आणि तोवर बाहेर बुरशी धरते.

गिरणीकडून कंडिशन केलेलं सूत विकत घेत असाल तर पिशवी मागावर चढवायच्या दिवशीच फोडा. उरलेल्या कोनची पिशवी पुन्हा बांधा. मागखान्यात सूती ताण्याला ७५ ते ८० टक्के आर्द्रता ठेवा. बाहेर ऊन तापलेलं असताना दारं सताड उघडी ठेवली तर वीस किलो पाण्याचा हिशेब दोन दिवसांत हवेत जातो.

टाकी चालवणाऱ्याने प्रत्येक ट्रॉलीमागे या नोंदी ठेवाव्यात : भरतानाचं कोनच्या पोटातलं तापमान, आधीचं वजन, निर्वाताला लागलेली मिनिटं आणि गाठलेला दाब, वाफेच्या वेळचं तापमान व दाब यांची जोडी, बाहेर काढल्यावरचं वजन, पॅकिंगचं वजन, सीलच्या पाण्याचं तापमान. वजन कमी आलं की आधी पहिला रकाना पाहायचा, मग चौथा.